नमुना कामगार

"ही कामगार आहे असं समज. हिला प्रश्न विचार. घाबरू नकोस, ही शांत आहे."

साहेब हे आपल्या भाचीला सांगत होते. मी समोर स्टुलावर बसले होते. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत मला वाटत होतं, माझी मुलाखत आहे.

अमरावतीबाहेरच्या एमआयडीसीत शर्ट शिवायच्या कंपनीत मी चार वर्षं कॉलर लावत होते. अकोल्याला मावशीकडे राहून बी.कॉम. केलं, आणि काम मिळालं ते मशीनवर. मिळालं ते घेतलं. मग एक दिवस नोटीस लागली. अंतर्गत ऑडिटसाठी एक जागा. पदवीधर कामगारांनीही अर्ज करावा. म्हणजे कंपनीतल्याच माणसानं कंपनी तपासायची. सुया, कात्र्या, आगीचे सिलिंडर, पिण्याचं पाणी, बाहेर पडायची दारं. नियमाप्रमाणे आहे का बघायचं. नसेल तर तसं लिहायचं.

मी अर्ज दिला. तीन महिने अभ्यास केला. जेवणाच्या सुट्टीत भिंतीवरचे नियम वहीत उतरवून घेतले. घरी, वलगावला, आई माझी परीक्षा घ्यायची. आईला वाचता येत नाही, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नाही. शेतातल्या निंदणावरून आली, हातपाय धुतले, की सुरू.

"सुई तुटली तं काय करतं वं?"

"सारे तुकडे शोधाचे. रजिस्टरात चिकटवाचे. मंगच नवी सुई."

"अन एक तुकडा नाईच सापडला तं?"

"तं तिथले सारे कपडे बाजूले काढाचे. घालनाऱ्याच्या अंगात जाईन तो."

"बराबर," आई म्हणायची. जणू तीच साहेब.

त्या गुरुवारी दुपारी बोलावणं आलं. साहेब म्हणजे ऑडिट विभागाचे प्रमुख. मी ॲप्रन काढला. केसातले दोरे झटकले. हात साबणानं धुतले. वही घेतली. लाइनवरची शेजारीण म्हणाली, "जाय वं, घेऊन ये आपली खुर्ची."

खोलीत खुर्च्या रिकाम्या होत्या. माझ्यासाठी बाहेरून स्टूल आणलं.

साहेबांच्या भाचीनंही त्याच जागेसाठी अर्ज केला होता. ती माझ्याच वयाची. अकोल्याची, वकिलाच्या घरातली. साहेब तिची तयारी करून घेत होते. कामगाराशी कसं बोलायचं, त्याची तयारी. त्यासाठी कामगार लागतो.

"वही बाजूला ठेव," साहेब मला म्हणाले. मी ठेवली.

भाची कागदावरून वाचू लागली.

"बाथरूमला जायला अडवतात का?"

"नाही मॅडम."

आमच्या लाइनला चाळीस बाया आणि बाथरूमला जायची दोन टोकन. टोकन परत येईपर्यंत मांड्या आवळून बसायचं.

"सुट्टीनंतर जबरदस्तीनं थांबवतात का?"

"नाही मॅडम."

"सुपरवायझर शिवीगाळ करतात?"

"नाही मॅडम."

ही उत्तरं आम्हा सगळ्यांना पाठ होती. बाहेरचे तपासणीवाले यायच्या आधी आम्हाला ओळीत उभं करून म्हणून घ्यायचे. शाळेत पाढे म्हणतात तसं. मीही म्हटली होती, चार वर्षं. आता तोंड आपलं आपण चालत होतं. राग आला नाही. रडू आलं नाही. सुई बोटातून आरपार जाते तेव्हा पहिल्यांदा काहीच कळत नाही. तसं.

"शिक्षण?"

"बी.कॉम."

तिनं मान वर केली. कॉलेज विचारलं. मी सांगितलं.

"अगं, मी पण तिथलीच! तुला सवलतीत मिळाली असेल ना ॲडमिशन? तुमचं बरं असतं."

आवाजात वाईट काही नव्हतं. ऊन वाढलं म्हणावं, तसं म्हणाली.

साहेब म्हणाले, "एक लक्षात ठेव. बाहेरच्या ऑडिटला कामगार निवडताना आडनावं बघायची. जयंतीवाले शक्यतो यादीत घ्यायचे नाहीत. ते बोलतात." मग पेनानं माझ्याकडे दाखवलं. "ही त्यांच्यातलीच. पण चार वर्षांत हिचा आवाज ऐकला नाही. म्हणून तर आणली."

आणली.

भाचीनं कागदावर लिहून घेतलं. आडनावं.

मग पुढचा प्रश्न. "आग लागली तर मागच्या दारानं लगेच बाहेर पडता येतं का?"

हो मॅडम. एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

"नाई," मी म्हणाले. "मांगच्या दाराले कुलूप हाये. किल्ली सायबाच्या ड्रॉवरात राह्यते. दारापुढं कापडाचे रोल रचून हायेत. साऱ्या लाइनीच्या शंभर बाया कुठून निंघतीन?"

कंपनीत मी घरच्यासारखी कधी बोलले नव्हते. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

भाची साहेबांकडे पाहू लागली. साहेब हसले. "चुकलीस. परत सांग."

"चुकली नाई."

"तुला इथं कशाला बसवलंय कळतं का?"

"आता कळलं. माया बी अर्ज हाये सायेब. माई मुलाखत कवा?"

"तुझी?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मशीनच्या तेलाचा वास येतो अंगाला. बाहेरच्या पार्टीसमोर बसवू तुला?"

मी वही उचलली. स्टूल तिथंच राहू दिलं. बाहेर येऊन परत ॲप्रन बांधला.

दुसऱ्या दिवसापासून मला दोरे कापायच्या टेबलावर टाकलं. आठ तास उभ्यानं. जागा भाचीला मिळाली. आठवडाभरानं मी एका कागदावर चार रकाने आखले. ठिकाण. काय दिसलं. नियम काय. काय करायला पाहिजे. मागचं दार लिहिलं. टोकन लिहिलं. पाठ करून घेतलेली उत्तरं लिहिली. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. एक प्रत कंपनीत दिली. एक अमरावतीला, कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात देऊन पोचेचा शिक्का घेतला. तो माझा पहिला ऑडिट रिपोर्ट.

तीन दिवसांनी गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

लाइनवरच्या शेजारणीचा फोन आला. दारापुढचे रोल हलवले म्हणे. कुलूपही काढलं. आणि भाचीच्या सहीचा कागद लागला, की दार पहिल्यापासून उघडंच होतं. टोकन अजून दोनच.

ऐकून आनंद झाला नाही. दुःखही नाही. बोटात मात्र आता ठणकत होतं.

परवा अकोल्याच्या एका कपडा कंपनीचा फॉर्म भरला. अंतर्गत ऑडिटचाच. आई समोर बसली होती. एक रकाना होता, आधीची नोकरी का सोडली. मी लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. "आगीचं दार बंद होतं. ते मी लेखी कळवलं. म्हणून काढलं."

आईनं लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"असं लिहिशीन तं घेतीन का तुले?"

"नाई घेनार."

"मंग?"

"मंग दुसरीकडं बी हेच लिहीन. तिसरीकडं बी."