इंगोलेबाईंची पहिली

गौरवग्रंथ समितीने कळवले आहे की, लेख कागदाच्या एकाच बाजूला लिहावा. मी या सूचनेचा जाहीर निषेध करतो. उभा जन्म पाठकोऱ्या कागदांवर काढलेल्या माणसाला अख्खी पाठ कोरी सोडायला सांगणे हा छळ आहे. त्याच पत्रात खाली 'वादाचे विषय टाळावेत' असेही आहे. ते टाळून इंगोलेबाईंवर लिहायचे, तर कागदाची पहिली बाजूही कोरीच राहील. म्हणून एक सूचना पाळतो, दुसरी पाळणार नाही. साठी बाईंची आहे, समितीची नव्हे.

यमुनाबाई इंगोले यांना मी आधी ऐकले, मग पाहिले. केनवडच्या बाजूच्या एका खेड्यात मास्तर म्हणून हजर व्हायला गेलो, तेव्हा एका खोलीतून लेकरांचा 'म्म्म' असा लांबलचक आवाज येत होता. मी हेडमास्तरांना विचारले. ते म्हणाले, "पह्यली हाय ते. इंगोलेबाई हंबरायले शिकवून राह्यल्या."

आमच्या शाळांची रीत वेगळी. मुळाक्षरे सुरात म्हणायची, मग बाराखडी सुरात म्हणायची, आणि वर्ष सुरात संपवायचे. मधलेच 'ल' दाखव म्हटले की मूल 'क'पासून म्हणत निघे आणि बोट सरकवत 'ल'वर येऊन थांबे. वाशीमहून सुटल्याशिवाय एसटी रिसोडला पोचत नाही, तसे. याला आम्ही वाचन म्हणत होतो आणि त्याचा पगार घेत होतो.

बाईंनी ही गाडीच बंद केली. त्या अक्षराचे नाव सांगत नसत, आवाज ऐकवत. आधी मोजकेच आवाज घ्यायचे, ते तोंडात घोळवायचे, एकाला एक जोडायचे, की शब्द तयार. त्यांच्या वर्गाने जोडलेला पहिला शब्द होता 'मले'. का, तर तो लेकरांच्या तोंडात आधीच होता. दिवाळीपर्यंत ती मुले किराणा बांधून आलेले रद्दीचे कागदही वाचू लागली.

अर्थात तपासणी आली. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी बाईंना विनवले की, साहेबांपुरती तरी बाराखडी घोकून घ्या. बाई एवढेच म्हणाल्या, "साहेब आले की वाचायचं नसते, म्हणायचं असते, हे लेकरांले एकदा समजलं ना भाऊ, तर ते जन्मभर तेच करतीन." हेडमास्तरांनी विषय सोडून दिला. ते स्वतः जन्मभर तेच करत आले होते.

साहेब आले. त्यांनी मुळाक्षरे म्हणायला सांगितली, कोणाला आली नाहीत. फळ्यावरचे 'मले' पाहून त्यांनी अशुद्ध भाषेवर छोटे व्याख्यान दिले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, 'मला'बी शिकवीन. पण आधी यायले वाचता येते का, ते तर पाहा. तुमच्या मनचं काही लिहा."

साहेबांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिले, 'ढवनुसे'. असा शब्द जगात नाही. पाठ करून येणार नाही, अंदाजाने सुचणार नाही, असा तो मुद्दाम घडवला होता. माझी तिसरी त्याच खोलीत पलीकडच्या भिंतीला बसे; तिच्यातल्या हुशार पोराला मी हळूच खुणावले, त्याने मान खाली घातली. मग पहिलीतली वच्छी उठली. तिने एकेक आवाज चाखला, जोडला आणि मोठ्याने म्हणाली, "ढवनुसे." थोडे थांबून तिने विचारले, "बाई, हे काय असते?"

"मले नाही माहीत," बाई म्हणाल्या, "साहेबांले इचार."

वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. शेरा काय पडणार, हे त्यांना कळले होते.

'मुलांना अक्षरांचा क्रम येत नाही. पहिलीचा वर्ग काढून घ्यावा.' खाली बाईंची सही मागितली गेली. सहीच्या वर त्यांनी एक ओळ लिहिली: 'क्रम येत नाही, वाचता येते.' हेडमास्तर म्हणाले, बाई, ही ओळ खोडा, वर्ग वाचेल. त्यांनी खोडली नाही. वर्ग गेला.

तो माझ्याकडे आला. बाराखडीच चालवा, अशी मला तंबी मिळाली. मी मान डोलावली, त्या कलेत माझा हात धरणारा तालुक्यात नाही. मग खिडकी लावून मी 'म्म्म' सुरू केले. मधल्या सुट्टीत बाई येत आणि माझीच शिकवणी घेत. "आवाजाले शेपूट नका लावू गुरुजी. 'म' म्हणा, 'माऽ' नका म्हणू." वर्ग हिसकावला गेलेल्या बाईने तो मिळालेल्या माणसाला इतक्या मायेने शिकवावे, हे मी दुसरीकडे पाहिलेले नाही. बाई चौथीला गेल्या, तिथे अर्ध्या वर्गाला वाचता येत नव्हते. त्यांनी चौथीत पहिली सुरू केली.

त्या निवृत्त झाल्या तरी तो शेरा अजून कोणी मागे घेतलेला नाही. समितीने शाल-श्रीफळासोबत तो मागे घ्यायचा ठराव करावा. जमत नसेल, तर बाई थांबलेल्या नाहीत एवढे तरी छापावे. त्यांच्या ओसरीवर रोज सकाळी लेकरे जमतात.

बाईंना शंभरी लाभो, डोळे शाबूत राहोत, आवाज खणखणीत राहो, आणि हट्ट तर तसूभरही कमी न होवो.

वर्ग माझ्याकडे आला त्या दिवशी बाईंनी स्वतः साबणाच्या खोक्यांतून कापलेले अक्षरांचे पुठ्ठे मला उसने दिले होते. ते पोरांच्या हातांनी झिजून संपले. काल तेवढेच नवे कापले, शाईने गिरवले आणि आज सकाळी लेकरे यायच्या आधी बाईंच्या ओसरीवर ठेवून आलो.