राबात गेलेली संयुक्त चाचणी

लोखंडाच्या भट्ट्यांमधला दगडी कोळसा कमी करण्यासाठी मला पगार मिळतो. त्यासाठी माझ्या गटाने भाताच्या पेंढ्याच्या कांड्या बनवल्या होत्या, आणि पुण्याच्या कुलकर्णी सरांच्या गटाने उसाच्या चिपाडांचा कोळसा. दोन्ही प्रकल्पांनी सहकार्य करावं असा वरून आदेश होता. म्हणून आम्ही वर्षभर एकमेकांना अगदी सहकार्याने टाळत होतो.

शेवटी तळेगावच्या एका भट्टीमालकाने दम भरला. "उद्या तुमचा माल माझ्या भट्टीत पेटवून दाखवा. नाहीतर मी वर्षाच्या दगडी कोळशाची ऑर्डर देऊन मोकळा होतो."

टेम्पो आमच्या मळवलीच्या घरून निघणार होता. सरांनी आदल्या संध्याकाळी त्यांची पोती पडवीच्या एका टोकाला रचली, मी माझी दुसऱ्या. (मधे भाताची कणगी सरकवली. चुकूनसुद्धा सहकार्य व्हायला नको!)

सकाळी पडवी रिकामी. मागच्या खाचरातून धूर येत होता. माझे सासरे, आबा, भाताचं रोप टाकायच्या जागेवर राब भाजत होते. एरवी त्यासाठी शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या फांद्या पसरून जाळतात.

"आबा, पडवीतली पोती कुठायत?"

"ही काय. लय झ्याक पेटलंय."

"अहो, ती कारखान्याची होती!"

आबांचा चेहरा पडला. "आगं, राबासाठी झाडं तोडू नका म्हनून तूच न्हाई का डोकं खाल्लंस? मला वाटलं, सूनबाईनं मनावर घेतलं, गुपचूप माल आनून ठेवला. गावभर सांगून आलो की."

आता यावर कोणती सून ओरडणार?

तेवढ्यात टेम्पो घेऊन सर आले. धूर पाहिला आणि मटकन बांधावर बसले. मग उठून राबाजवळ गेले.

"मॅडम, तुमच्या कांड्या तर भुर्रकन जळून जातात ना? मग हे अजून कसं धगधगतंय?"

"आणि तुमचा कोळसा तर लवकर पेटतच नाही," मी म्हणाले.

आबांनी दोन्ही माल एकत्रच पसरला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि गाडीतलं तापमान मोजायचं यंत्र आणायला एकदमच पळालो. धग उतरायला तयार नव्हती. टेम्पो का आला नाही म्हणून भट्टीमालकाचा फोन आला, तर सरांनी त्यालाच खाचरात बोलावलं. तो तणतणत आला आणि घाम पुसत उभा राहिला.

"आठवडाभर ऑर्डर थांबवतो," तो म्हणाला. "दोन्हींचं प्रमाण किती?"

आम्ही दोघांनी आबांकडे पाहिलं.

"परमान कसलं? पाटीत आलं ते वतलं."

तेव्हापासून दोन्ही प्रकल्प गुण्यागोविंदाने एका टेबलाशी बसतात. दोन पीएच.डी. मिळून आबांच्या पाटीत काय आलं असेल ते शोधतोय. आबांना रोज विचारतो, आणि ते रोज नवीन सांगतात.