खाला आणि पुठ्ठ्याचा बंगला

खालाने हाती घेतलेलं कुठलंही काम एका दिवसात पुरं केलेलं मी पाहिलं नाही. अपवाद एकच, माझा पाणउतारा. तो मात्र ती एका बैठकीत, चहा गार व्हायच्या आत उरकायची.

आम्ही वरच्या दोन खोल्यांत भाड्याने आणि खाला खालच्या खोलीत, एकटी. तिला अख्खी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची; वयाने तिच्याहून मोठे असलेले घरमालकसुद्धा. रजया शिवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. गुडघे गेले तशी शिवण सुटली, पण कात्री सुटली नाही. ती कायम मांडीशेजारी.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चितेगावच्या कंपनीत काम आटलं आणि आम्हा बऱ्याच जणांना निम्म्या पगारावर घरी बसवलं. बायको क्रांती चौकातल्या साडीच्या दुकानात कामाला. सकाळी गेली की दिवेलागणीलाच परत. घरी उरलो मी, नऊ वर्षांची मैत्री, सहा वर्षांचा सम्यक आणि समोर पसरलेली अख्खी सुट्टी. बायकोने तीन अटी घातल्या. मोबाईल द्यायचा नाही, पैसे उडवायचे नाहीत, पोरं रडता कामा नयेत. पहिल्याच दिवशी दुपारी बारापर्यंत मी तिन्ही मोडल्या.

त्यात कंपनी जोरात होती तेव्हा मी पोरांना वॉटर पार्कचं वचन देऊन बसलो होतो. मैत्री रोज सकाळी टॉवेलची पिशवी दाराला अडकवून ठेवायची. त्या पिशवीशी नजर भिडवायची माझी हिंमत नव्हती. मग मी जादूचे प्रयोग करून दाखवले. त्यात बायकोच्या कानातला डूल खरोखरच गायब झाला. घोडा झालो, तर कंबर धरली आणि दोन दिवस घोड्यालाच शेकावं लागलं.

घोड्याच्या टापा ऐकून खालून आवाज आला, "ए कंपनी, छत पाडतो का काय? पोरं खाली पाठव." खाला मला कंपनी म्हणायची. घरी बसवल्यापासून तर मुद्दाम म्हणायची.

पोरं गेली. मी सुखाने झोपलो. संध्याकाळी दोघं धावत वर आली. कोपऱ्यावरच्या दुकानातून खालाने फ्रिजचं मोठं खोकं फुकटात मागून आणलं होतं. "पप्पा, खाला बंगला करायली. आपण आत बसायचं."

"मग बसा की."

"आज फक्त भिंत झाली. ती म्हणली, बाकी उद्या."

आणि तिथून माझ्या छळाला सुरुवात झाली. दार पूर्वेला का पश्चिमेला यावरून जेवताना भांडण, झोपताना भांडण. दुसऱ्या दिवशी खालाने नुसती दाराची जागा ठरवून घेतली. तिसऱ्या दिवशी दार एका बाजूने कापलं. चौथा दिवस मैद्याची खळ शिजवून पट्ट्या चिकटवण्यात गेला. "वाळल्याबिगर हात लावायचा नाय," खाला म्हणाली, आणि माझी पोरं खळ वाळताना बघत बसली. ज्यांच्यासाठी मी घोडा झालो होतो, ती पोरं.

रोज नेमकी गंमत शिगेला पोचली, छप्पर चढणार म्हणून दोघं टाचा उंचावून उभी राहिली, की खाला कात्री मांडीखाली सरकवायची. "बस. बाकी उद्या." की निघाली वरात वर, माझ्याकडे. गंमत तिच्या वाट्याला, रडारड माझ्या.

शेवटी मी खाली उतरलो. "खाला, तासाभराचं काम आहे. द्या इकडं."

"तासाभराचं हाय म्हणून तर पुरवून पुरवून करायले. आज सगळं झालं, तर उद्या पोरांसमोर तू नाचणार का? नाच बाबा. मीबी बघते. पण पोरं हसणार नाय, भितील."

माणसाने इथे गप्प बसायचं असतं. एके दिवशी खाला खोलीची किल्ली आमच्याकडे ठेवून गुडघे दाखवायला दवाखान्यात गेली आणि पोरं मित्राच्या वाढदिवसाला. मी सुरी काढली, चिकटपट्टी काढली आणि दोन तासांत बंगला उभा केला. छप्पर, दोन खिडक्या, वर धुराडं. औरंगाबादच्या उन्हात धुराडं कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आज वडील म्हणून आपण गाजणार, एवढंच डोक्यात.

पोरं आली, आत शिरली, बाहेर आली. पंधरा मिनिटंही झाली नसतील. सम्यक म्हणाला, "झालं? आता काय?" मैत्रीने जिन्याकडे, वरच्या दाराला अडकवलेल्या पिशवीकडे पाहिलं. "आता वॉटर पार्क?"

तेवढ्यात खाला आली. उंबऱ्यातच उभी राहून तिने बंगला न्याहाळला.

"कुणी केला?"

"मी."

"झकास. ए कंपनी, पोरांची अख्खी सुट्टी तू एका दुपारी खाल्लीस. हजम होऊ दे आता."

रात्री मला झोप नव्हती. सकाळी खाली गेलो तर खाला शांतपणे माझ्या छपरावर तांब्याभर पाणी ओतत होती. "या रे या, छप्पर गळायलंय बघा. मिस्त्री कच्चा निघाला. खोला सगळं." पोरांनी माझा बंगला असा काही आनंदाने उचकटला की विचारू नका. मला बिगारी म्हणून ठेवलं. काम एकच, खळ वाळेपर्यंत भिंत धरून उभं राहायचं. "पप्पा, हलू नका," मैत्री ओरडायची. मला घाम, नाकावर माशी. पण त्या दिवशी दाराला पिशवी नव्हती. तिच्यातला टॉवेल बंगल्याचा पडदा झाला होता.

सुट्टी संपली, कंपनीने मला परत बोलावलं, तरी एक खिडकी कापायची राहिलीच होती. पेन्सिलीने नुसती आखलेली. खाला गुडघ्यांना आराम पडावा म्हणून सोयगावला मुलीकडे निघाली. रिक्षात बसता बसता म्हणाली, "खिडकी ऱ्हाऊ द्या. मी आल्यावर."

"खाला, दोन मिनिटांचं काम आहे."

"म्हणूनच म्हणते."

ती आली नाही. दिवाळीच्या आधी मुलीचा फोन आला, अम्मी झोपेतच गेली. पुढे मुलगी खोली रिकामी करायला आली, तेव्हा कात्री तिने मैत्रीच्या हातात ठेवली.

बंगला आता वर आमच्या घरात असतो. त्याने अर्धी खोली व्यापली आहे आणि बायकोचा पाय रोज त्याला ठेचकाळतो. टाकून द्या म्हणायचं मात्र तीही टाळते. यंदा सुट्टी लागली तसं मैत्रीने कात्री माझ्यापुढे धरली. "पप्पा, आता तुम्हीच कापा."

मी पेन्सिलीच्या रेघेवर कात्री धरली. एक बाजू कापली. पुठ्ठा उलगडला आणि फटीतून उजेडाची पट्टी आत पडली. दोघं टाचा उंचावून माझ्या खांद्यावरून बघत होती. माझा हात आपसूक थांबला. मी कात्री मांडीखाली सरकवली.

"बस. बाकी उद्या."

मैत्रीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गेल्या उन्हाळ्यात रोज खालाकडे पाहायचो. दोघं पाय आपटत निघून गेली. रात्री जेवताना सम्यकने ताटातून मान वर न करता विचारलं, "उद्या किती वाजता?"