साध्या पाण्याची नळी

खैरनार बाई डबा उघडायच्या आधी आयोडीनची बाटली उघडायच्या. भाताची दोन शितं बशीत काढायची, वर एक थेंब टाकायचा, शितं निळीशार झाली की मान हलवायची आणि मग जेवायला बसायचं. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "बाई, भात निळा होणारच ना?"

"भात होणारच. पण आयोडीन चांगलं शे का, ते कळायला नको?"

बाई सटाण्याकडच्या. वीस वर्षं नाशिकला राहून बोलणं शहरी झालं होतं. 'आहे'च्या जागी एवढं एक 'शे' उरलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाई आमच्या कॉलेजात जीवरसायन शिकवायच्या. मी एकलहऱ्याच्या कामगार वसाहतीतली. वडील वीज केंद्रात, आणि घरात वर्तमानपत्रांपेक्षा युनियनची पत्रकं जास्त. बाराखडीनंतर मी 'धिक्कार असो' लिहायला शिकले असेन. बाई माझा निबंध परत देताना म्हणायच्या, "उद्गारचिन्हं माझ्याकडे ठेवून घेतलीत. परीक्षेनंतर ने."

शेवटच्या वर्षी मी प्रकल्पासाठी जांभळाच्या बिया घेतल्या. लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, भातातल्या पिठुळाची, म्हणजे स्टार्चची, साखर करतं. पेजेत लाळ मिसळून दहा मिनिटांनी आयोडीन टाकलं, तर निळा रंग येत नाही, कारण पिठूळ संपलेलं असतं. काही वनस्पती या विकराला अडवतात, म्हणून त्या मधुमेहावर उपयोगी पडतील असं मानतात. तसं झालं तर पिठूळ शिल्लक राहतं आणि रंग निळाच येतो. मी बियांचा काढा उकळला, लाळेत ओतला, पेज घातली. दहा मिनिटांनी नळी गडद निळी! शेजारी साध्या पाण्याची नळी ठेवायची हा बाईंचा नियमच होता. काढ्याऐवजी पाणी घालून तीही ठेवली होती. तिच्यात निळ्याचा मागमूस नव्हता.

बाई त्या आठवड्यात गावी गेल्या होत्या. मला थांबवेना. 'गोळ्या कशाला? बिया आहेत!' असं पत्रक मी छापून घेतलं आणि पंचवटीच्या भाजीबाजारात वाटलं. तिथेच माझी कमलमावशी मेथी-कोथिंबीर विकायची. तिला साखरेचा आजार होता. तिने पत्रक डोक्याला लावलं.

बाई परतल्या त्या हातात तेच पत्रक घेऊन. त्याला मेथीचा वास येत होता. कोणीतरी त्यात जुडी बांधून दिली होती.

"काढा कधी ओतलास?"

"उकळल्यावर लगेच."

"आणि पाणी कुठलं?"

"नळाचं. गार."

बाई उठल्या. त्यांनी चंचुपात्रात साधं पाणी उकळलं, नळीतल्या लाळेवर ओतलं, पेज घातली. आम्ही दोघी दहा मिनिटं त्या नळीकडे बघत बसलो. थेंब पडला. गडद निळं.

"निळं शे," बाई म्हणाल्या. "आता उकळत्या पाण्याचंही पत्रक काढतेस का? विकर गरम पाण्यानेच मेलं, पोरी. तुझ्या बियांना कामच उरलं नव्हतं."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बाई, मावशीने गोळ्या बंद केल्यात."

बाईंनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि रिक्षा थांबवली.

मावशी पाल्याच्या ढिगाआड बसली होती. पायाला फडकं गुंडाळलेलं. "काय नाय, लय दिवसांचं नाय. वहाण लागली," ती म्हणाली. बाई सरळ गोणपाटावर बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला आणि फडकं सोडलं. जखम ओली होती. "डॉक्टरकडे चला, ताई. आत्ता."

"अन् गिऱ्हाईक?"

"ही बसेल," बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "पत्रकं वाटता येतात तिला, मेथीही विकता येईल."

जखम भरायला दोन महिने लागले. भरली, हे माझं नशीब. त्याआधीच बाईंनी मला दुसरं पत्रक लिहायला बसवलं होतं. 'चुकले' हा शब्द मी बारीक टाईपात टाकला होता. "पहिल्याचा मथळा जेवढा होता तेवढा कर," त्या म्हणाल्या. मग काढा गार करून पुन्हा प्रयोग केला. या वेळी फिकट, पण निळं आलं. मी उडीच मारली. बाई म्हणाल्या, "अडवतं शे. थोडं अडवतं. नळीत अडवतं, पोटातलं ठाऊक नाही. सगळं लिही, उकळत्या पाण्याची नळीसुद्धा. आणि गोळ्या सोडू नका, हे सगळ्यात वर." शेवटी त्यांनी माझ्या नावाखाली स्वतःचं नाव घातलं. मी नको म्हणाले, तर म्हणाल्या, "प्रयोगशाळेची किल्ली मीच दिली होती ना तुला?" ते पत्रक आम्ही दोघींनी त्याच बाजारात, त्याच गाळ्यांवर वाटलं. लोक हसले. एकाने विचारलं, "आता तिसरं कधी?" बाईही हसल्या.

पुढे काही वर्षांनी बाई गेल्या. मी आजही पत्रकं लिहिते, रागानेच लिहिते. पण छापायला देण्याआधी शेजारी ती दुसरी नळी ठेवते, आणि तिच्यातलं पाणी तितकंच गरम आहे ना, तेही बघते. हे मला घरच्या कुठल्याच पत्रकाने शिकवलं नव्हतं.

परवा मावशीच्या गाळ्यावर एक जण साखर मुळापासून घालवणारी पूड विकायला आला. मावशीने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग मेथीवर पाणी शिंपडत विचारलं, "बरं, साध्या पाण्याची नळी ठेवली व्हती का?"

तो गोंधळला.

"मग आधी ती ठेवून ये," मावशी म्हणाली. "उकळून."