गिअरबॉक्समधली सोलकढी

मुलांनो, आजीची गाडी बिघडली होती आणि आता दुरुस्त झाली, एवढंच तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं असेल. ते खरं आहे, पण पुरतं नाही. मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

आपली गाडी जुनी, ऑटोमॅटिक. क्लच दाबताना माझा डावा गुडघा दुखायला लागला तेव्हा ती घेतली. तिला क्लच नाही. वेग वाढेल तसे गिअर आपोआप बदलतात आणि डाव्या पायाला काही काम उरत नाही. दर गुरुवारी मी पेणहून रोह्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे एकटी जाते. ती आता अंथरुणातून उठत नाही. मी तिचे केस विंचरते, तिला भरवते आणि उजेड असतानाच परत निघते. रेल्वेचा जिना मला चढवत नाही. म्हणजे ही गाडी चालवणं सुटलं की बहीणही सुटली.

दिवाळीनंतर गाडी विचित्र वागायला लागली. घरून निघताना छान चालायची. वडखळ मागे पडलं, गिअरबॉक्स तापला, की इंजिन ओरडायचं, काटा वर चढायचा आणि गाडी मात्र रेंगाळायची. मग कोणीतरी मागून ढकलल्यासारखा हिसका बसून गिअर पडायचा. एका गुरुवारी भिसे खिंडीच्या चढावर तो पडलाच नाही. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबते आहे आणि गाडी मागे सरकते आहे. आरशात ट्रकचं तोंड एवढं मोठं झालं की बाकी काही दिसेना. ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. ट्रक हॉर्न वाजवत अगदी घासून पुढे गेला. मी तशीच बसून राहिले.

गाडी थंड झाल्यावर हळूहळू घरी आले. तुमच्या आजोबांना म्हटलं, "चढावर जरा अडखळली." ट्रकचं बोलले नाही. बोलले असते तर किल्ली माझ्याकडे राहिली नसती.

रविवारी तुमच्या बाबाचा फोन आला, त्यालाही अडखळल्याचं तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "आई, तुझा डावा पाय नकळत ब्रेकवर जात असेल. दोन्ही पाय एकदम दाबले की असंच होतं. आता गाडी चालवणं सोड." आजोबा शेजारी बसून बिरड्याचे वाल सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "वय होतंच की गं."

त्यानंतर मी माझ्याच पायावर पाळत ठेवायला लागले. अंगणात गाडी पुढेमागे करताना डावा पाय सीटखाली दुमडून बसायची. अंगणात काहीच व्हायचं नाही, आणि त्यामुळे खिंडीतली चूक माझीच होती असं जास्तच वाटायचं.

किल्ली ठेवून देण्यापूर्वी एकदा दाखवून घ्यावं म्हणून रामवाडीतल्या गॅरेजवाल्याकडे गेले. आजोबा गाडीच्या कामाला कधी येत नाहीत. त्या दिवशी आले.

गॅरेजवाल्याने पहिला प्रश्न तोच विचारला. "काकी, खरं सांगा, दोन पायांनी चालवता काय?"

"डावा पाय तुमच्याकडे ठेवून जाऊ का?" मी म्हटलं.

तो हसला, शेजारी बसला. आम्ही हायवेला बरंच लांब गेलो. गाडी तापली आणि तो हिसका बसला. मग त्याने जागा बदलून स्वतः चालवली. त्याच्याही पायाखाली इंजिन ओरडलं आणि गाडी रेंगाळली.

"गाडीतच हाय," तो म्हणाला. "तुमचा पाय सुटला."

मला इतकं हलकं वाटलं की परत आल्याबरोबर आजोबांना ते सांगितलं. ते टायरच्या ढिगाकडे बघत "बरं" म्हणाले.

गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून गिअरचा दांडा सगळ्या खाचांतून एकदा फिरवला, मग गिअरबॉक्सचं तेल बघायची लांब पट्टी बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. हे तेल लालभडक असतं. जुनं झालं की तपकिरी होतं, जळलं की काळं. फडक्यावर उमटलं ते फिकट गुलाबी, दुधट.

"ही सोलकढी आहे," मी म्हटलं.

"कोथिंबीर तेवढी ऱ्हायली," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा गंभीर झाला होता. तेलात पाणी मिसळलं की असा रंग येतो.

त्याचा संशय आधी रेडिएटरवर गेला. गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरमधून फिरतं. आतली नळी फुटली तर तेल आणि पाणी एकमेकांत मिसळतात. रेडिएटर निवेपर्यंत आम्ही चहा घेतला. उघडला, तर आतलं कूलंट घातलेलं पाणी हिरवं, स्वच्छ. वर तेलाचा तवंगसुद्धा नाही. मग त्याने गाडी वर उचलली आणि खाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर वाळलेली वाळू होती. गिअरबॉक्सच्या माथ्यावर साचलेली.

"काकी, गाडी नदीत उभी होती काय?"

"शक्यच नाही," मी म्हटलं. "मी तिला डबक्यातूनसुद्धा नेत नाही."

"तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडला की वरच्या हवेच्या नळीतून पाणी आत ओढतो. बुडल्याबिगर हे व्हायचं नाय."

"खंडेनवमीला," मागून आजोबा म्हणाले.

मी वळून बघितलं. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, हात गुडघ्यांवर.

रोह्याजवळच्या त्यांच्या गावात खंडेनवमीला ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकली सगळं कुंडलिका नदीत उतरवतात. पोटाखालून धुतल्याशिवाय पूजेचा हार घालायचा नाही. यंदा ते पुतण्यांकडे गेले होते. पेणहून न थांबता गेले आणि तापलेली गाडी थेट नदीत घातली. पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत होतं. मग गप्पा रंगल्या, वरून धरणाचं पाणी सोडलं गेलं आणि ते दारांपर्यंत चढलं. ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. पुतणे सोडत नाहीत म्हणून आणखी राहतो, असा फोन मला आला होता. तेव्हा आतले गालिचे उन्हात वाळत होते.

"काका, तुम्ही तिथलेच ना?" गॅरेजवाला म्हणाला. "पाणी सोडतात ते तुम्हाला म्हायती नाय?"

"ध्यान नाय ऱ्हायलं," आजोबा म्हणाले. गावची बोली त्यांच्या तोंडी क्वचितच येते.

गॅरेजवाल्याला एकदम दुसऱ्या गाडीचं काम आठवलं.

गाडी तिथेच ठेवून आम्ही रिक्षाने निघालो. घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, गाडी अडखळली असं मी म्हटलं तेव्हाच तुमच्या लक्षात आलं होतं?"

"संशय आला होता."

"आणि माझ्या पायाला दोष देत होतात?"

ते म्हणाले, "दोष मी दिला नाही. मुलाने दिला, मी नुसती री ओढली. तो गाडी सोड म्हणाला, तेव्हा वाटलं, बरंच झालं. गुरुवारी तू येईपर्यंत मला जेवण जात नाही."

इतकी वर्षं मी गुरुवारी ताट झाकून जाते आणि परत आल्यावर ते धुतलेलं असतं. जेवण कुठे जातं, हे मी कधी विचारलं नव्हतं. पण त्या क्षणी मला दया आली नाही. मी त्यांना खिंडीतला ट्रक सांगितला. गाडी किती मागे सरकली, आरशात काय दिसत होतं, सगळं. ते ऐकता ऐकता भिंतीला टेकले. मी घाबरून पाणी आणलं.

"म्हणजे मी तुला घरी बसवायला बघत होतो, आणि माझ्याच लपवण्यापायी तू ट्रकखाली गेली असतीस," ते म्हणाले.

गॅरेजवाल्याने तेल पुन्हा पुन्हा बदललं, लाल येईपर्यंत. गिअर पकडून ठेवणाऱ्या आतल्या चकत्या पाण्याने फुगल्या असतील तर गिअरबॉक्स उघडावा लागेल, नसतील तर चालेल; आत्ताच कोणी सांगू शकत नाही. तापल्यावर त्याने गाडी मुद्दाम चढावर नेऊन बघितली. गिअर बिनहिसक्याचे पडले.

तुमच्या बाबाला आजोबांनी स्वतः फोन लावला. नदीचं सगळं सांगितलं, मी शेजारी बसून ऐकत होते. शेवटी त्याने विचारलं, "मग बाबा, आईने चालवायची की नाही?"

आजोबांनी फोन माझ्याकडे दिला आणि ते उठून आत गेले. मी सांगितलं की चालवणार आहे, आणि गाडी जरा जरी अडखळली तर तिथेच थांबवून आधी घरी फोन करणार आहे.