गाळलेला सर्ग

बेकरीवाले काका त्या अभ्यासमंडळात आले ते बायकोच्या मागोमाग. काकूंना एकटीने दोन जिने चढवत नसत, म्हणून दर शनिवारी दुपारी ते त्यांना शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या घरी पोचवत आणि तिथेच बसून राहत. मंडळ म्हणजे तरी काय, बाई, औषधाच्या दुकानाची मालकीण, एक नर्स आणि काकू. एक जुनं महाकाव्य त्या सर्गासर्गाने वाचत होत्या. काकू मोठ्याने वाचत, बाई अर्थ सांगत, नर्स वाद घाली. काका पहाटेपासून भट्टीशी उभे असत, त्यामुळे थोड्याच वेळात त्यांची मान कलायची.

“तुमच्या घोरण्याला वृत्त आहे हं,” बाई एकदा म्हणाल्या.

हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या.

महिन्याभराने काका एकटेच जिना चढून आले. बाईंनी पुस्तक उघडून वाचायला घेतलं. काका काकूंच्या प्रतीत बोट ठेवून शोधत राहिले.

“बाई, एक सर्ग गाळलात.”

“नंतर घेऊ म्हटलं.”

“का?”

बाई पानं चाळू लागल्या. शेवटी नर्सनेच सांगून टाकलं, “त्यात राणी मरते, काका.”

“असू दे. वाचा.”

बाईंनी वाचलं. राजा मुकुट फेकतो, झाडांना तिचा ठावठिकाणा विचारतो, मेघांना बोल लावतो. औषधवालीने पदर डोळ्यांना लावला. काका टक्क जागे होते.

“चांगलं लिहिलंय,” ते म्हणाले. “पण दुसऱ्या दिवशी तो काय करतो?”

“ते नाही दिलेलं. पुढच्या सर्गात एकदम युद्धच आहे.”

“मी पाव भाजले. शेजारी म्हणत होते, आज राहू द्या. पण पीठ आदल्या संध्याकाळीच मळून ठेवलं होतं, वाया गेलं असतं. पाव नेहमीसारखेच फुगले. त्याचाच राग आला मला.”

यावर कुणी अर्थ सांगितला नाही, वादही घातला नाही.

पुढच्या शनिवारपासून काका वाचू लागले. जोडाक्षराशी अडखळत, ओळी गिळत. बाई त्यांना शाळेतल्यासारख्या टोकत आणि ते निमूट परत वाचत.

उन्हाळ्यात मुलगी न्यायला आली. “बाबा, चला आता. एकटे काय करणार इथे?”

“काव्य अर्धं राहिलंय.”

“पुस्तक तिकडेही वाचता येतं.”

“आणि चुका कोण काढणार?”

मुलगी फुरंगटून परत गेली. बरेच दिवस तिचे फोन तुटक असत.

काव्य संपायला पुढचं वर्ष उजाडलं. तोवर काकांचे गुडघेही कुरकुरू लागले होते आणि बेकरी त्यांनी पुतण्याच्या हाती सोपवली होती. शेवटचा सर्ग झाला त्या दिवशी त्यांनी आपणहून मुलीला फोन केला. “येतो,” म्हणाले. तिने कारण विचारलं नाही. कोणत्या गाडीने येताय, एवढंच विचारलं.

मंडळाने मग दुसरं पुस्तक घेतलं. वाचायचं काम औषधवालीकडे आलं.