पोटाखालचा पत्रा

माझ्या बाबांनी आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर जालन्याच्या भंगारातून एक लाल, दोन दारांची, जुनी स्पोर्ट्स कार उचलून आणली. भट्टीत जायची ती गाडी त्यांनी कित्येक वर्षं खपून चालती केली. पण ती इतकी बुटकी, की खालून मांजरसुद्धा अंग चोरून जायचं. आपल्या जिल्ह्यात अशी गाडी पाळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

तेवढ्यात बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गाडी चालवा, तेही फक्त दिवसा. मग स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाबांची एकच इच्छा उरली. वडीगोद्रीच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे त्यांच्या मोठ्या भावाच्या, माझ्या काकांच्या दारात स्वतः गाडी चालवत जायचं. लोकांना गावोगाव पोचवलं, स्वतःच्या गाडीने आपल्या गावी मात्र कधी गेले नाहीत.

अडचण गाडीच्या पोटाची होती. इंजिनाच्या तेलाचं चेंबर सगळ्यात खाली, आणि प्रत्येक गतिरोधकावर ते घासायचं. मस्तगडच्या वेल्डरने खालून जाड पत्रा ठोकून दिला. "काका, बिलकुल टेन्शन न्हाई, आता दगडावरून न्या." पण पत्र्यामुळे गाडी आणखीच खाली आली आणि जिथे पूर्वी घासत नव्हती तिथेही घासायला लागली. पत्रा काढला. मग बाबांनीच युक्ती काढली. गतिरोधक आला की मी उतरायचं, म्हणजे गाडी हलकी होते, आणि त्यांनी ती तिरकी करून एकेक चाक चढवायचं. मी मागून चालत यायचे. लोक हसायचे आणि मला भयंकर राग यायचा.

काकांना आदल्या दिवशी फोन करून आम्ही निघालो. अंबड गेलं, वडीगोद्री गेली. मी "आला, बाबा" म्हणायचे, उतरायचे, चढायचे. बाबा घामाघूम झाले होते, पण इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गावाच्या तोंडाशी पूर्वी कधी गतिरोधक नव्हता. मी ओरडेपर्यंत उशीर झाला. खालून खरवडल्याचा आवाज आला आणि गाडी तिथेच बंद पडली. रस्त्यावर काळं तेल पसरत होतं.

काका हार घेऊन धावत आले. "आरं, कालच टाकला आम्ही! तू रेसची गाडी घेऊन येऊन राह्यला, म्हणलं बुंगाट येशील. लेकरं असतात रस्त्यावर."

मला किंचाळावंसं वाटलं. बाबा खाली वाकले, बोटाला तेल लावून पाहिलं. "बराबर केलं, दादा," म्हणाले, आणि भावाचा हात धरून घरापर्यंत चालत गेले.

गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परत आली. तसं चेंबर कुठेच मिळालं नाही. डोळे मात्र ठरल्यासारखे गेले.

आता मी त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेते. दिसत काही नाही, पण शहरातले गतिरोधक त्यांना पाठ आहेत. जवळ आला की ते दोन्ही हात सीटवर टेकवतात आणि अंग थोडं वर उचलून धरतात. "ही रिक्षा आहे बाबा, हिला काही होत नाही," असं मी सुरुवातीला म्हणायचे. आता म्हणत नाही.